डबा, पास आणि सही : नोकरीच्या जागची मैत्री कशी जोडावी, कशी सांभाळावी

मार्चअखेरची रात्र. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजू जुळतात का हे बघायचा तक्ता, १,८०० रुपयांनी जुळत नव्हती. हिशेब विभागातले आम्ही तिघं दुपारपासून रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार वही) शेजारी ठेवून एकेक नोंद टिक करत होतो. साडेनऊ वाजले तरी फरक जागचा हलला नव्हता. कर्ज विभागातल्या ताईंचं काम संध्याकाळीच आटोपलं होतं, तरी त्या घरी गेल्या नव्हत्या. मी एकटी बाई मागे राहिले होते म्हणून थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "फरक कितीचा?" मी सांगितलं. "नवानं भाग जातो बघ. म्हणजे अंक पुढेमागे पडलेत कुठेतरी. तेवढंच शोध." वीस मिनिटांत सापडलं. ६,४१० ची नोंद खतावणीत ४,६१० म्हणून उतरली होती.

त्या रात्रीची नोंद आमच्या संस्थेच्या कुठल्याच कागदावर नाही. ताईंच्या कामाच्या यादीत तेरीज नव्हती, त्यांना त्याचा एक रुपया जास्त मिळाला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ताळेबंद वेळेवर गेला तो त्यांच्यामुळे. जळगावात एका पतपुरवठा संस्थेत मी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक भुसावळहून अप-डाऊन करत. नव्यानं नोकरीला लागणारी मुलं-मुली मला विचारतात, "ऑफिसात मैत्री करावी की नको?" घरचे मोठे त्यांना सांगतात, कामापुरतं बोलावं. मला ते पटत नाही. कामाची निम्मी अडचण मैत्रीनं सुटते. पण या मैत्रीला घराशेजारच्या मैत्रीपेक्षा जास्त शिस्त लागते. ज्या मैत्रीत एकमेकांना मोकळेपणी 'नाही' म्हणता येतं, तीच ऑफिसात टिकते. पुढचं सगळं त्या 'नाही'पर्यंत कसं पोचायचं आणि ते कसं उच्चारायचं याबद्दल आहे.

आधी एक जुना धडा

अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथं १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर बरेच प्रयोग झाले. सुरुवात उजेडापासून झाली : दिवे वाढवले तर काम वाढतं का? नंतर १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले नावाचे छोटे भाग जोडणाऱ्या सहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं. त्यांना मधल्या सुट्ट्या दिल्या, वेळ कमी केली, बोलायची मुभा दिली. उत्पादन वाढत गेलं. ते नेमकं कशानं वाढलं यावर अभ्यासक आजही भांडतात, कारण मजुरीची पद्धतही त्यांच्यासाठी बदलली होती. पण त्या मुली एकमेकींच्या मैत्रिणी झाल्या आणि एकीला बरं नसलं की बाकीच्या तिचं काम ओढून नेत, हे नोंदवलेलं आहे. एल्टन मेयो या प्राध्यापकाचं नाव या अभ्यासामुळे सर्वत्र पोचलं.

त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंगच्या खोलीतल्या १४ पुरुषांचं निरीक्षण केलं, तेव्हा उलटं दिसलं. त्यांनी आपसात ठरवलं होतं की दिवसाला अमुकच काम करायचं. कोणी जास्त केलं तर त्याच्या दंडावर बुक्का बसे. मैत्री तिथंही होती. तिचं काम होतं पुढं जाणाऱ्याला मागं ओढायचं.

हे दोन्ही प्रसंग मी नव्या मुलांना सोबतच सांगते. मैत्री ऑफिसला चालवते आणि अडवतेही. कुठल्या खोलीत बसायचं हे बरंचसं आपल्या हातात असतं.

पायरी पहिली : ओळख, सोबत आणि मैत्री वेगळ्या ओळखा

सगळ्यांशी मैत्री होत नसते, व्हायची गरजही नसते. ज्यांच्याशी नमस्कार-चमत्कार आहे ती ओळख. ज्यांच्यासोबत चहा होतो, गाडीत जागा धरली जाते ती सोबत. आणि ज्याच्यासमोर "माझी चूक झालीय, आता काय करू?" असं म्हणता येतं तो मित्र.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला होता. ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगल्या मैत्रीला ९० आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. यात एक महत्त्वाची मेख आहे : नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पा, हसणं, जेवण, एकमेकांची विचारपूस, यांनी मैत्री होते.

हे वाचल्यावर मी आमच्या गाडीचा हिशेब केला. भुसावळ-जळगाव जाऊन-येऊन तासभर, महिन्याचे २४ दिवस. म्हणजे दोन महिन्यांत ५० तास, चार महिन्यांच्या आत ९०, आणि आठ-नऊ महिन्यांत २००. मासिक पासवाल्यांची मैत्री इतकी घट्ट का असते याचं उत्तर मला मिळालं. तिथं साहेब-शिपाई असा भेद नसतो, फाइल नसते, आणि पळून जायला जागाही नसते. तुम्ही अप-डाऊन करत असाल, मग ती चाळीसगाव-जळगाव गाडी असो की धुळे-शिरपूर एसटी, तो वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून घालवू नका. निदान आठवड्यातून दोन दिवस तरी नाही.

पायरी दुसरी : जागा बघा

मैत्री स्वभावावर ठरते असं आपण मानतो, पण ती बरीचशी खुर्ची कुठं आहे यावर ठरते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये एका विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की लोकांची मैत्री शेजारच्या दारांशी आणि जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांशी जास्त होते. आमच्याकडे त्यासाठी वेगळा अभ्यास नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की हॉलमधल्या एकुलत्या एक मोठ्या कूलरपुढे सगळ्या विभागांची टेबलं सरकतात. एरवी वर्षभर एकमेकांना कागदावर शेरे मारणारे वसुली आणि हिशेब विभाग त्या दोन महिन्यांत तोंडी बोलून प्रश्न सोडवतात. जूनमध्ये टेबलं परत गेली की शेरे पुन्हा सुरू.

तेव्हा तुमची जागा कोपऱ्यात असेल तर तक्रार करत बसू नका. दिवसातून एकदा कागद शिपायाच्या हाती न देता स्वतः नेऊन द्या. उभ्या-उभ्या दोन वाक्यं बोला. ज्यांच्याशी तुमच्या कामाचा रोज संबंध येत नाही अशा एखाद्या विभागात तरी एक माणूस ओळखीचा असू द्या. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की नव्या नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. ऑफिसातल्या माहितीचंही तसंच आहे.

पायरी तिसरी : डबा कोणासमोर उघडता?

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्याकडची मैत्री बहुतेक इथंच जमते आणि इथंच अडते.

खान्देशात नवा माणूस आला की पहिला प्रश्न "तुमनं गाव कोनतं?" हा प्रश्न गोड आहे. गावावरून पाव्हण्यांची ओळख निघते, केळीचा भाव निघतो, तापीच्या पुराची गोष्ट निघते. पण पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, आडनावाचा. आणि त्यावरून डबा कोणत्या टेबलावर उघडायचा ते ठरतं. मी ज्या ऑफिसात होते तिथं तीन टेबलं होती. कोणी नियम केला नव्हता, तरी कोणाचं टेबल कोणतं हे महिनाभरात प्रत्येकाला कळायचं. ते मला सुरुवातीची काही वर्षं खटकलंही नाही, याचं आज वाईट वाटतं.

एकदा सातपुड्यातल्या धडगावकडची, पावरा या आदिवासी समाजातली एक मुलगी आमच्याकडे लागली. कामात चोख, पण जेवायच्या सुट्टीत गप्प. सगळ्यांनी ठरवलं, लाजाळू आहे. तिच्या घरी पावरी बोलतात, शाळेत ती प्रमाण मराठी शिकली, आणि आमच्या टेबलावर खान्देशातल्या दोन बोली, निम्मं अहिराणी, निम्मं लेवा गणबोली. विनोद अहिराणीतला, त्याचं उत्तर गणबोलीत. तिला अर्धं कळत नसे, आणि विचारायचा संकोच. एक दिवस कर्जवाल्या ताईंनी तिला सरळ विचारलं, "भाकरीला तुमच्यात काय म्हणतात?" त्या दिवसापासून टेबलावर रोज एक पावरी शब्द यायला लागला. महिन्याभरात तीच आम्हाला हसवायला लागली.

म्हणून डब्याचे माझे नियम असे आहेत. गाव जरूर विचारा, आडनाव खोदू नका. आठवड्यातून एक-दोन दिवस दुसऱ्या टेबलावर बसा, आणि जाताना एकटे जा, आपला कळप घेऊन जाऊ नका. कोणी सामिष आणत असेल तर नाक मुरडायचं नाही. तुम्हाला चालत नसेल तर आपल्यापुरतं वाढून घ्या, त्याला उठवू नका. बोलीत जरूर बोला, बोलीनं जीव लागतो. पण समोरच्याला ती येत नसेल तर अर्थ सांगून बोला. शिपाई, वॉचमन, सफाईला येणाऱ्या मावशी यांना "या जेवायला" नुसतं म्हणू नका, सरकून जागा करा. म्हणणं आणि जागा करणं यातला फरक त्यांना पक्का कळतो.

पायरी चौथी : मदत मागा, मग द्या

नवी माणसं उलटं करतात. आल्या-आल्या सगळ्यांची कामं अंगावर घेतात, म्हणजे आपण आवडू. सहा महिन्यांत त्यांच्या टेबलावर सगळ्यांचा ढीग असतो आणि मित्र एकही नसतो. आधी छोटी मदत मागा. "नाना, हे व्हाउचर कोणत्या शीर्षाखाली टाकू?" "ताई, मागच्या वर्षीचं ऑडिटचं उत्तर कसं लिहिलं होतं, दाखवता का?" मदत मागितल्यानं समोरच्याचा अनुभव मानला जातो. मदत पाच-दहा मिनिटांची असावी, तिचा उपयोग झाला हे दुसऱ्या दिवशी जाऊन सांगावं, आणि संधी मिळताच परतफेड करावी.

चूक झाली तर मित्रासमोर तरी ती लपवू नका. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी असतील. नोंदी मात्र जास्त निघाल्या. तिथली माणसं चुका बोलून दाखवायला घाबरत नव्हती, म्हणून आकडा मोठा दिसत होता. १९९९ मध्ये त्यांनी या मोकळेपणावर सविस्तर लिहिलं. आमच्या तेरजेतली ती चूक माझ्याच हातची होती. त्या रात्री मी ती कबूल केली आणि कोणी आवाज चढवला नाही, म्हणून पुढच्या वर्षांत मी चुका त्याच दिवशी सांगायला शिकले.

पायरी पाचवी : जामीन आणि उधारी

मैत्रीचा सगळ्यात मोठा घात इथं होतो, आणि याबद्दल आधी कोणी बोलत नाही. पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढायचं तर सोबत नोकरी करणारे जामीनदार लागतात. मुलीचं लग्न, घराचा स्लॅब, आईचं ऑपरेशन, मित्र फॉर्म घेऊन येतो आणि म्हणतो, "नुसती सही पाहिजे."

नुसती सही असं काही नसतं. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्था कर्जदाराला सोडून थेट तुमच्याकडेही येऊ शकते. तुम्ही भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागायचा हक्क कलम १४५ देतं. पण ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याच्याकडून तो हक्क वसूल कसा करणार?

मी एकदा अशी सही केली. मैत्रीण जवळची, तिची अडचणही खरी. पुढं तिच्या घरचं बिघडलं, हप्ते थांबले, आणि माझ्या पगारातून कपात सुरू झाली. चौदा महिने. पैशाचं दुःख ओसरलं. पण त्या चौदा महिन्यांत ती माझ्यासमोर डबा उघडायची बंद झाली. मी काही बोलले नव्हते, तरी तिला माझ्याकडे बघवत नसे. ती मैत्री गेली ती गेलीच. मी आधी 'नाही' म्हटलं असतं तर ती आठ दिवस रुसली असती, एवढंच.

आता मी सांगते ते असं. नोकरीला लागतानाच एक सरसकट नियम ठरवा आणि तो सगळ्यांना एकच सांगा : "मी कोणालाच जामीन राहत नाही, घरात तसं ठरलंय." नियम सगळ्यांना सारखा असला की अपमान कोणाचाच होत नाही. 'नाही' म्हटल्यावर तिथून उठून जाऊ नका. अर्ज भरायला मदत करा, कमी व्याजाची योजना शोधून द्या, ऑपरेशन असेल तर दवाखान्यात रात्र काढा. हातउसनं द्यायचंच असेल तर परत नाही आलं तरी चालेल एवढंच द्या.

तरीही जामीन राहायचंच ठरवलं, तर सहीआधी चार गोष्टी बघा. त्याच्या पगारपत्रकात कपाती किती आहेत? नोकरीची किती वर्षं उरली? दुसरा जामीनदार कोण? आणि तुमच्या घरात हे माहीत आहे का? कागदांची प्रत मागून घ्या. मित्र असेल तर प्रत मागितल्याचा राग धरणार नाही.

भिशीचंही थोडक्यात सांगते. रक्कम छोटी ठेवा, वही एकीकडे आणि पैसे दुसरीकडे ठेवा, आणि साहेबांना भिशीत घेऊ नका. त्यांचा हप्ता उशिरा आला तर मागायचा कोणी?

पायरी सहावी : सहीची वेळ

ऑफिसात प्रत्येकाच्या हातात कुठली ना कुठली सही असते. हजेरीपटाची, बिलाची, रजेच्या शिफारशीची, माल आल्याच्या पावतीची. मित्र म्हणतो, "आज गाडी लेट आहे, माझी सही मारून ठेव." एकदा मारली की दुसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही. पहिल्याच वेळी, हसून, पण स्पष्ट सांगा : "सही नाही मारणार. साहेबांना आत्ताच सांगते, तुझी गाडी लेट आहे म्हणून." यात मदत आहे आणि खोटं नाही. गाडी लेट असल्याचं साहेबांना वेळीच कळलं की बहुतेक वेळा पुढचं निभतं.

बिलांच्या बाबतीत एक साधी पद्धत लावून घ्या. जवळच्या मित्राचं प्रवासबिल, वैद्यकीय बिल, खरेदीचं व्हाउचर आपण तपासायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. ते आपल्याच टेबलावर आलं तर वरिष्ठांना सांगून हलवायचं. हे चारचौघांत आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी त्याला वाटायला नको की आपल्यावर संशय आहे. यात त्याचाही फायदा असतो. उद्या ऑडिटरनं बोट ठेवलं तर "दोघं मित्र आहेत" हा आरोप उभा राहत नाही.

पायरी सातवी : मैत्रीण साहेब झाली तर

कालपर्यंत एका डब्यातली भाकरी मोडणाऱ्या दोघींपैकी एकीला बढती मिळते. हे दुखतं, दोघींनाही. पहिल्या आठवड्यातच दोघींनी ऑफिसबाहेर बसून बोलावं. बढती मिळालेलीनं सुरुवात करावी, ती तिची जबाबदारी आहे. तीन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात : कामावर शेरा मारावा लागला तर तो बंद दाराआड मारेन, गोपनीय अहवालाबद्दल तू विचारायचं नाही, मी सांगायचं नाही, आणि वरच्या बैठकीतलं मी डब्यावर बोलणार नाही. हाक मारण्याचंही तेव्हाच ठरवा. घरी "अगं", लोकांसमोर "मॅडम". सुरुवातीला जीभ अडखळते, पण यानं बाकीच्यांना समजतं की खुर्ची कोणाच्या खिशात नाही.

बढती मिळालेलीनं डबा सोडू नये. फक्त रोज एकाच टेबलावर बसू नये. माझी एक वरिष्ठ मैत्रीण आठवडाभर तिन्ही टेबलं आळीपाळीनं फिरायची. आम्हाला पहिल्यांदा राग आला. पुढं तिनं माझी एक रजा नाकारली, तेव्हा इतर कोणी "हिची तर मैत्रीण आहे" म्हणालं नाही, उलट दोघांनी माझं काम वाटून घेतलं आणि मला दुसऱ्या आठवड्यात रजा मिळाली. मागं राहिलेलीनं काय करावं? अभिनंदन मनापासून करावं, आणि वाईट वाटत असेल तर ते ऑफिसातल्या तिसऱ्याजवळ बोलू नये. ते शब्द संध्याकाळपर्यंत पोचतात, आणि पोचताना वाढतात.

पायरी आठवी : बाई-पुरुष मैत्री, आणि थट्टेची हद्द

छोट्या शहरात स्त्री-पुरुष सहकारी दोनदा एकत्र चहा प्यायले की चर्चा सुरू होते. घाबरून तोडू नका, उघड ठेवा. चहा चौघांत, बोलणं मोठ्यानं, एकमेकांच्या घरच्यांशी ओळख. आमच्याकडे 'भाऊ', 'ताई' लावायची पद्धत आहे, तिचा आधार मोठा आहे. पण नुसत्या 'ताई' म्हणण्यानं वागणं आपोआप नीट होत नाही.

कोणाची थट्टा नको वाटली तर पहिल्यांदाच सांगा. तो तुमचा मित्र असेल आणि दुसरीला त्रास देत असेल, तर मध्ये पडून "मिटवून टाकू" असं करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं १० किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यायची असते. मैत्रिणीला अर्ज लिहायला मदत करा आणि तोंड बंद ठेवा, कारण या प्रकरणातली नावं बाहेर सांगायला कायद्यानंच मनाई आहे.

कंपू झालाय का, हे कसं ओळखावं

एक खूण सांगते. तुमच्या घोळक्याजवळ तिसरा माणूस आला की बोलणं थांबतं का? थांबत असेल तर ती वायरिंगची खोली झाली. दुसरी खूण मोबाइलवर दिसते : ऑफिसच्या ग्रुपमधून एकालाच वगळून दुसरा ग्रुप निघतो. त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल तर बाहेर पडा. कारण सांगायची गरज नाही.

साहेबांसाठी : भरीत पार्टी नीट करा

संस्था चालवणाऱ्यांना मैत्री हुकमानं घडवता येत नाही. जागा आणि वेळ तेवढी देता येते. बाहेरून माणूस बोलावून, हॉलमध्ये गोल बसवून, खेळ खेळवून मैत्री झालेली मी पाहिली नाही. हिवाळ्यात कोणाच्या तरी शेतात झालेल्या भरीत पार्टीत ती झालेली दरवर्षी पाहिली. तिथं प्रत्येकाच्या हाताला काम असतं. कोणी काड्या गोळा करतो, कोणी वांगी भाजतो, कोणी साल काढतो, कोणी मिरची-लसूण ठेचतो, कोणी कांद्याची पात चिरतो. आणि ज्याला यातलं कळतं तो त्या दिवशीचा साहेब. आमचे मॅनेजर भाजलेल्या वांग्याची साल काढताना बोटं भाजून घेत होते आणि आमचा शिपाई त्यांना शिकवत होता, "साहेब, आधी देठाकडून धरा." सोमवारी त्या शिपायानं पहिल्यांदाच केबिनमध्ये जाऊन सांगितलं की रेकॉर्ड रूमचं छत गळतंय आणि खालच्या फाइली भिजतायत. वर्षभर त्याला ते सांगायचं होतं.

पण पार्टीचीही व्यवस्था लागते. ती दिवसा ठेवा, म्हणजे बायकांना अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल. नेण्या-आणण्याची गाडी सगळ्यांसाठी एक ठेवा. वर्गणी पगाराप्रमाणे घ्या, सरसकट नको. दारू नको. तिनं दोन तासांत बायका आणि अर्धी माणसं बाजूला पडतात. कंत्राटी मुलांना, ड्रायव्हरला, सफाईवाल्या मावशींना आमंत्रण द्या, आणि त्यांना वाढपी करू नका. आणि शेतात कामाचा विषय साहेबांनी काढायचा नाही. दुसऱ्या कोणी काढला तर ऐकून घ्यायचं.

वर्षभरासाठी एवढं पुरे : जेवायची अर्धी-पाऊण तासाची सुट्टी कोणाचीही मोडायची नाही, नव्या माणसाला पहिले तीन महिने एका जुन्या माणसाशेजारी बसवायचं, आणि कानबाई-आखाजीसारख्या आमच्याकडच्या सणांच्या रजा आपसात ठरवून घ्यायची मुभा द्यायची. रजा आपसात ठरवताना माणसं एकमेकांच्या घरचं समजून घेतात. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि रोजची वेळ वाढली. तिथं तर दुपारची सुट्टी जपलीच पाहिजे.

बदली आणि निवृत्ती

राज्य सरकारच्या नोकरीत २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा धरलाय. म्हणजे धुळ्यात जुळलेला मित्र अक्कलकुव्याला जाणार हे धरूनच चाला. जाणाऱ्यानं कपाट सोपवताना दोन कागद द्यावेत : एक कार्यभाराचा, तो नियमातला, दुसरा हाती लिहिलेला, ज्यात कोणतं काम कुठं अडतं आणि कोणाला विचारलं की सुटतं ते लिहिलेलं असेल. या दुसऱ्या कागदामुळे नव्या माणसाची पहिली मैत्री लवकर जुळते.

निवृत्तांच्या निरोप समारंभाला शाल-नारळ होतो, भाषणं होतात, आणि पुढच्या सोमवारी त्यांच्या खुर्चीत दुसरा बसतो. निवृत्त माणसाला फोन करायचा तो दुसऱ्या महिन्यात. पहिल्या महिन्यात सगळेच करतात. आणि विचारायला खरा प्रश्न घेऊन करा. कर्जवाल्या ताई निवृत्त झाल्या त्यानंतरच्या मार्चमध्ये आमचा फरक ७४० रुपयांचा निघाला, नवानं भाग जाईना. मी रात्री आठला फोन लावला. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "दोननं जातो ना? मग ३७० ची एखादी रक्कम नावेऐवजी जमेला पडली का ते बघ. आणि जेवलीस का?"